काळ्या समुद्राकडे जर्मन युद्धनौकांची वाहतूक (१९४२–१९४४)

दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने सहा लहान पाणबुड्या आणि अनेक उथळ पाण्यातील युद्धनौका उत्तर जर्मनीतून काळ्या समुद्रात नेल्या. हा प्रवास कालवा, नदी, मोटार रस्ता आणि पुन्हा नदी अशा मार्गाने झाला. काळ्या समुद्रात शिरण्याचा एकमेव सागरी मार्ग तटस्थ तुर्कस्तानच्या ताब्यात होता आणि युद्धमान राष्ट्रांच्या युद्धनौकांना तो बंद होता. म्हणून पाणबुड्यांचे भाग सुटे करून त्यांची कवचे ड्रेस्डेनपासून इंगोलश्टाटपर्यंत रस्त्याने ओढत नेण्यात आली. या पाणबुड्यांचा मिळून जर्मन नौदलाचा ३० वा पाणबुडी ताफा तयार झाला. रुमानियातील कॉन्स्टान्त्सा हे बंदर त्याचे मुख्य ठाणे होते. हा ताफा ऑक्टोबर १९४२ ते सप्टेंबर १९४४ या काळात कार्यरत होता. ताफ्यातील एकही पाणबुडी जर्मनीत परतली नाही.

पार्श्वभूमी

काळा समुद्र जवळजवळ सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. बॉस्पोरसची सामुद्रधुनी, मार्माराचा समुद्र आणि दार्दानेल्सची सामुद्रधुनी यांमधून तो भूमध्य समुद्राशी जोडला जातो. दोन्ही सामुद्रधुन्या तुर्कस्तानच्या हद्दीत आहेत. त्यांमधील वाहतुकीचे नियम स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो येथे २० जुलै १९३६ रोजी झालेल्या कराराने ठरवले गेले. या कराराच्या १९ व्या कलमानुसार, युद्ध चालू असताना तुर्कस्तान तटस्थ असेल तर युद्धमान राष्ट्रांच्या युद्धनौकांना सामुद्रधुन्यांतून जाता येत नाही. महायुद्धाच्या बहुतेक काळात तुर्कस्तान तटस्थ राहिला. त्यामुळे व्यापारी जहाजांची ये-जा चालू होती, परंतु युद्धनौकांसाठी हे दार बंद होते.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले, तेव्हा काळ्या समुद्रात जर्मनीची स्वतःची म्हणता येईल अशी नौसेना नव्हती. रुमानिया हे मित्रराष्ट्र होते. त्याच्याकडे चार विनाशिका आणि ‘डेल्फिनुल’ ही एकच कार्यरत पाणबुडी होती. सोव्हिएत संघाच्या काळा समुद्र ताफ्यात एक मोठी युद्धनौका, अनेक क्रूझर व विनाशिका आणि चाळीसहून अधिक पाणबुड्या होत्या. वेढलेल्या ओडेसा व सेवास्तोपोल या शहरांना समुद्रमार्गे सैनिक, दारूगोळा व अन्न पुरवणे सोव्हिएत नौदलाला शक्य झाले ते याच बळावर. शिवाय बातुमीहून तुआप्सेकडे जाणारी तेलवाहू जहाजे कॉकेशसच्या किनाऱ्याने चालूच होती. जर्मन विमानदल या वाहतुकीवर दिवसा हल्ले करीत असे. रात्री किंवा वाईट हवामानात मात्र तिला अडवणारे साधन जर्मनांकडे नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी लहान नौका जमिनीवरून आणण्याचा मार्ग स्वीकारला गेला.

पूर्वीची उदाहरणे

पाणबुडी जमिनीवरून नेण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. रशिया-जपान युद्धाच्या काळात, १९०४ च्या अखेरीपासून, रशियाने आपल्या काही लहान पाणबुड्या सैबेरियातून जाणाऱ्या लोहमार्गाने व्ह्लादिवस्तोकला पाठवल्या होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ‘यूबी’ वर्गाच्या सुमारे १२७ टनांच्या पाणबुड्या सुट्या भागांत रेल्वेने पाठवल्या. त्यांतील काही बेल्जियममध्ये, तर काही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पोला या नौदल ठाण्यावर जोडण्यात आल्या. पोलाहून निघालेल्या यूबी-७ व यूबी-८ या पाणबुड्या १९१५ मध्ये काळ्या समुद्रात पोहोचल्या. त्या वेळी तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढत असल्याने सामुद्रधुन्यांचा मार्ग त्यांना खुला होता. दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती बदललेली होती.

सोव्हिएत संघानेही हाच विचार केला होता. ‘मल्युत्का’ म्हणजे ‘चिमुकली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान पाणबुड्यांची रचना करताना त्या रेल्वेवर चढवता याव्यात ही अट होती. या वर्गातील पहिल्या पाणबुड्या १९३३–३४ च्या सुमारास रेल्वेने व्ह्लादिवस्तोकला गेल्या. अतिपूर्व, बाल्टिक, उत्तर आणि काळा समुद्र अशा एकमेकांपासून तुटलेल्या समुद्रांवर पहारा ठेवणाऱ्या देशाला अशा नौकांची गरज भासणे स्वाभाविक होते.

पाणबुड्यांची निवड

या कामासाठी जर्मनीने ‘द्वितीय-ब’ प्रकारच्या सहा पाणबुड्या निवडल्या. या सर्व कील येथे १९३० च्या दशकाच्या मध्यात बांधलेल्या होत्या. प्रत्येकीची लांबी ४२.७ मीटर, रुंदी सुमारे ४.१ मीटर, पृष्ठभागावरील विस्थापन २७९ टन आणि पाण्याखालील विस्थापन ३२८ टन होते. पृष्ठभागावर त्यांचा कमाल वेग १३ नॉट, तर पाण्याखाली ७ नॉट होता. नाळेकडे टॉर्पेडो सोडण्याच्या तीन नळ्या असत आणि एका फेरीला पाच टॉर्पेडो नेता येत. खलाशी व अधिकारी मिळून सुमारे २५ जण त्यात राहत. लहान आकारामुळे जर्मन खलाशी या पाणबुड्यांना ‘एका ओंडक्यातून कोरलेली होडी’ अशा अर्थाच्या टोपणनावाने ओळखत.

अटलांटिक महासागरातील लांबच्या मोहिमांना या नौका अपुऱ्या होत्या. म्हणून १९४० नंतर त्या बाल्टिक समुद्रात नवे खलाशी शिकवण्यासाठी वापरल्या जात होत्या. काळ्या समुद्रातील अंतरांना मात्र त्यांचा पल्ला पुरेसा होता. मोठ्या पाणबुडीचे कवच रस्त्यावर मावणे अशक्य होते. या सहा नौकांचे कवच मात्र भाग काढून घेतल्यावर मावू शकत होते.

निवडलेल्या पाणबुड्यांची माहिती पुढीलप्रमाणे आहे.

यू-९ : वोल्फगांग ल्यूट यांच्या नेतृत्वाखाली हिने मे १९४० मध्ये ‘डोरिस’ ही फ्रेंच पाणबुडी बुडवली होती.

यू-१८ : नोव्हेंबर १९३६ मध्ये ल्यूबेकच्या उपसागरात एका टॉर्पेडो नौकेशी टक्कर होऊन ही बुडाली व आठ जण मरण पावले. नंतर तिला वर काढून पुन्हा सेवेत घेण्यात आले.

यू-१९ : १९४० च्या आरंभी हिचे नेतृत्व योआखिम शेपके यांच्याकडे होते.

यू-२० : १९३६ मध्ये सेवेत दाखल.

यू-२३ : ओटो क्रेचमर यांच्या नेतृत्वाखाली हिने फेब्रुवारी १९४० मध्ये ‘डेअरिंग’ ही ब्रिटिश विनाशिका बुडवली होती.

यू-२४ : १९३६ मध्ये सेवेत दाखल.

वाहतुकीचा मार्ग

एल्ब नदी उत्तर समुद्राला मिळते आणि डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला. या दोन नद्यांना जोडणारा, मोठ्या नौका जाऊ शकतील असा जलमार्ग त्या काळी अस्तित्वात नव्हता. माइन आणि डॅन्यूब या नद्यांना जोडणारा बव्हेरियातील जुना लुडविग कालवा एकोणिसाव्या शतकातील होता. नौकांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारे त्याचे जलपाश या पाणबुड्यांच्या लांबीला अपुरे होते. ऱ्हाईन, माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा आधुनिक कालवा १९९२ मध्ये खुला झाला. म्हणून दोन नद्यांमधील अंतर रस्त्याने कापणे भाग होते.

पहिला टप्पा कील येथील गोदीत सुरू होई. तेथे पाणबुडीचा मनोरा, वरचे डेक, डिझेल इंजिने, बॅटऱ्या, कण्याचे वजनदार भाग आणि इतर सामग्री काढून घेतली जाई. यामुळे तिचे वजन जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे सुमारे १४० टनांवर येई. त्यानंतर उरलेले कवच एका कुशीवर आडवे करून पोकळ तराफ्यांच्या आधाराने तरंगते ठेवले जाई. आडवे केल्याने त्याची उंची घटे आणि पुलांखालून जाणे सोपे होई.

दुसऱ्या टप्प्यात हे कवच कील कालव्यातून एल्बच्या मुखाकडे आणि हॅम्बुर्गमार्गे नदीच्या वरच्या दिशेने ड्रेस्डेनपर्यंत ओढत नेले जाई. हॅम्बुर्ग ते ड्रेस्डेन हे नदीमार्गाचे अंतर साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. ड्रेस्डेनजवळच्या यूबिगाऊ येथील गोदीत ते पाण्याबाहेर काढले जाई.

तिसरा टप्पा रस्त्याचा होता आणि सर्वांत अवघडही तोच होता. रेल्वेचे डबे रस्त्यावरून नेण्यासाठी अभियंता योहान कुलेमायर यांनी १९३० च्या दशकात अनेक चाकांच्या अवजड गाड्या तयार केल्या होत्या. प्रत्येकी ७० टन भार पेलणाऱ्या अशा दोन गाड्यांवर पाणबुडीचे कवच ठेवले जाई. शक्तिशाली ट्रॅक्टर या गाड्यांना महामार्गावरून पायी चालणाऱ्या माणसाहून थोड्याच अधिक वेगाने ओढत. ड्रेस्डेन ते इंगोलश्टाट हे अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. वाटेतील चढ, उतार, वळणे आणि पूल या सर्वांचा आधी विचार करावा लागे.

चौथा टप्पा डॅन्यूबचा होता. इंगोलश्टाट येथे कवच पुन्हा पाण्यात उतरवले जाई आणि ऑस्ट्रियातील लिंत्स येथील गोदीकडे नेले जाई. तेथून हंगेरी, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया व रुमानिया यांच्या हद्दींतून ते रुमानियातील गालात्सी येथे पोहोचे. इंगोलश्टाट ते गालात्सी हे नदीचे अंतर सुमारे २,३०० किलोमीटर आहे. नौकेची जोडणी वाटेवरच्या गोद्यांत टप्प्याटप्प्याने पूर्ण केली जाई. अखेरीस पाणबुडी कॉन्स्टान्त्सा बंदरात येऊन पुन्हा सेवेत दाखल होई.

एका पाणबुडीला कीलमध्ये सेवेतून काढल्यापासून काळ्या समुद्रात सज्ज होईपर्यंत सुमारे सहा ते नऊ महिने लागले. यू-९, यू-१९ व यू-२४ या तीन पाणबुड्या १९४२ च्या अखेरीस सज्ज झाल्या. यू-१८, यू-२० व यू-२३ या मे–जून १९४३ मध्ये दाखल झाल्या.

उथळ पाण्यातील नौका

पाणबुड्यांच्याही आधी याच मार्गाने वेगवान टॉर्पेडो नौका आल्या. जर्मन नौदलाचा पहिला टॉर्पेडो नौका ताफा १९४२ च्या वसंत ऋतूत काळ्या समुद्रात पोहोचला. या नौका सुमारे ३५ मीटर लांब होत्या. हलक्या धातूच्या सांगाड्यावर लाकडी फळ्या बसवून त्यांचे कवच बनवलेले असल्याने त्या वजनाने हलक्या होत्या. इंजिने काढल्यावर त्या रस्त्याने नेणे तुलनेने सोपे होते. सेवास्तोपोलच्या वेढ्याच्या शेवटच्या आठवड्यांत त्यांनी शहराकडे जाणाऱ्या जहाजांवर रात्री हल्ले केले. १९ जून १९४२ रोजी एस-१०२ या नौकेने ‘बियालिस्तोक’ हे सोव्हिएत वाहतूक जहाज बुडवले. जुलैच्या आरंभी सेवास्तोपोल पडले.

सुरुंग काढणाऱ्या लहान नौकाही जर्मनीतून डॅन्यूबमार्गे आणण्यात आल्या. यांखेरीज सपाट तळाच्या, पुढील बाजूस उतरता दरवाजा असलेल्या सशस्त्र फेरीनौका मोठ्या संख्येने वापरात होत्या. त्यांपैकी काही बल्गेरियातील वार्ना येथे बांधल्या गेल्या. अशा नौकेची लांबी सुमारे ४७ मीटर होती, परंतु पाण्याखाली राहणारा तिचा भाग जेमतेम दीड मीटर खोल होता. अझोवच्या समुद्राची सरासरी खोली सुमारे ७ मीटर आहे आणि केर्चची सामुद्रधुनीही उथळ आहे. अशा पाण्यात पाणबुडीचा किंवा विनाशिकेचा उपयोग होत नाही. सपाट तळाची फेरीनौका मात्र थेट किनाऱ्याला लागू शकत असे. तिच्यावर सोडलेला टॉर्पेडो पुष्कळदा तिच्या तळाखालून निघून जाई.

इटलीनेही असेच प्रयत्न केले. ‘सीबी’ वर्गाच्या सहा लघु पाणबुड्या १९४२ च्या वसंत ऋतूत रेल्वेने इटलीहून कॉन्स्टान्त्सा येथे आल्या व पुढे क्रायमियातील याल्टा येथून काम करू लागल्या. या पाणबुडीची लांबी सुमारे १५ मीटर होती, तिच्यात चार जण असत आणि दोन टॉर्पेडो बाहेरच्या बाजूस जोडलेले असत. जून १९४२ मध्ये सोव्हिएत टॉर्पेडो नौकांच्या हल्ल्यात सीबी-५ ही याल्टा बंदरातच बुडाली. इटलीच्या मोटर टॉर्पेडो नौका रस्त्याने व डॅन्यूबमार्गे आल्या. याच वर्षी इटलीने अशा चार नौका आल्प्स ओलांडून उत्तरेकडे लाडोगा सरोवरातही पाठवल्या होत्या.

मोहिमा

३० व्या पाणबुडी ताफ्याचे पहिले प्रमुख कॅप्टन-लेफ्टनंट हेल्मुट रोझेनबाउम होते. ऑगस्ट १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात ‘ईगल’ हे ब्रिटिश विमानवाहू जहाज बुडवणाऱ्या यू-७३ या पाणबुडीचे ते कप्तान होते. मे १९४४ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यानंतर क्लेमेन्स शोलर आणि शेवटी क्लाउस पेटरसन यांनी ताफ्याचे नेतृत्व केले.

ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस ताफ्याच्या पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या. कॉन्स्टान्त्सा ते कॉकेशसचा किनारा हे अंतर सुमारे हजार किलोमीटर आहे. जाण्या-येण्यातच बराच वेळ व इंधन खर्च होई. हे टाळण्यासाठी क्रायमियातील फिओदोसिया बंदराचा पुढचे ठाणे म्हणून उपयोग केला गेला. पाच टॉर्पेडो संपले की नौकेला परतावे लागे. दुरुस्तीसाठी काही नौका बंदरात असत. त्यामुळे सहा पाणबुड्या असूनही प्रत्यक्ष गस्तीवर एका वेळी थोड्याच असत.

सोव्हिएत तेलवाहू जहाजे हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये यू-१९ ने ‘क्रास्नी प्रोफिन्तेर्न’ हे मालवाहू जहाज बुडवले. नोव्हेंबर १९४३ मध्ये यू-१८ च्या टॉर्पेडोने ‘योसिफ स्तालिन’ या तेलवाहू जहाजाचे नुकसान झाले. जानेवारी १९४४ मध्ये यू-२० ने ‘वायाँ कूत्युरिए’ हे तेलवाहू जहाज बुडवले. याच पाणबुडीने १९ जून १९४४ रोजी तुर्कस्तानातील त्राब्झोनजवळ ‘पेस्तेल’ हे जहाज बुडवले. ही घटना तटस्थ देशाच्या किनाऱ्यालगत घडली होती.

सोव्हिएत बाजूने यावर उपाय केले गेले. जहाजे किनाऱ्याला चिकटून चालवली जात, म्हणजे पाणबुडीला खोल पाण्यातून हल्ला करण्यास जागा कमी मिळे. किनाऱ्यावरून विमाने गस्त घालत. ‘एमओ-४’ प्रकारच्या सुमारे ५६ टनांच्या लाकडी पहारा नौका जहाजांसोबत असत आणि पाणबुडीचा सुगावा लागताच जलबॉम्ब टाकत. समुद्रात असताना जर्मन ताफ्याची एकही पाणबुडी शत्रूच्या हल्ल्यात बुडाली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ताफ्याने सुमारे ५६ फेऱ्यांत ४५ हजार टनांहून अधिक क्षमतेची जहाजे बुडवल्याचे सांगितले जाते. पाणबुडीच्या कप्तानांनी रात्री दुरून पाहून केलेली नोंद आणि प्रत्यक्ष नुकसान यांत तफावत पडते, म्हणून हा आकडा दाव्यांवर आधारलेला मानणे योग्य ठरते. सोव्हिएत तेलवाहतूक या हल्ल्यांमुळे पूर्ण थांबली नाही. तथापि पहारा नौका, विमाने व वेळ यांचा मोठा भाग तिच्या संरक्षणासाठी खर्च करावा लागला.

माघार आणि फेरीनौका

१९४३ मध्ये युद्धाचे पारडे फिरले. सप्टेंबर व ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनीचे १७ वे सैन्य कुबानच्या प्रदेशातून केर्चची सामुद्रधुनी ओलांडून क्रायमियात मागे आले. दोन लाखांहून अधिक सैनिक, तसेच घोडे व वाहने यांची ने-आण करण्यात सपाट तळाच्या फेरीनौकांचा वाटा मोठा होता. याच सुमारास, ६ ऑक्टोबर १९४३ रोजी, ‘खार्कोव्ह’, ‘बेस्पोश्चाद्नी’ व ‘स्पोसोब्नी’ या तीन सोव्हिएत विनाशिका जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडाल्या. त्यानंतर मोठ्या युद्धनौका आपल्या परवानगीवाचून बाहेर काढू नयेत असा आदेश स्तालिन यांनी दिला. त्यामुळे या समुद्रातील पुढचे युद्ध मुख्यतः लहान नौका व विमाने यांच्यामध्येच झाले.

एप्रिल व मे १९४४ मध्ये क्रायमियातूनही माघार घ्यावी लागली. १० मे १९४४ रोजी सेवास्तोपोलजवळ ‘टोटिला’ व ‘टेया’ ही माणसांनी खच्चून भरलेली दोन जहाजे सोव्हिएत विमानांनी बुडवली आणि हजारो सैनिक मृत्युमुखी पडले. क्रायमिया हातचा गेल्यामुळे पाणबुड्यांचे फिओदोसिया येथील ठाणेही गेले.

सामुद्रधुन्यांचा प्रश्न

जमिनीवरून नौका आणणे कष्टाचे असल्याने जर्मनीने सामुद्रधुन्यांचाही उपयोग करून पाहिला. १९४४ मध्ये काही जर्मन सहायक नौका व्यापारी जहाजे म्हणून बॉस्पोरसमधून गेल्या. त्या प्रत्यक्षात युद्धनौका आहेत असा आक्षेप ब्रिटनने घेतला. या वादात तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री नुमान मेनेमेन्जिओग्लू यांनी जून १९४४ मध्ये राजीनामा दिला. २ ऑगस्ट १९४४ रोजी तुर्कस्तानने जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले. पाणबुड्यांना या मार्गाने बाहेर पडण्याची आशा तेव्हा संपली.

ताफ्याचा शेवट

२० ऑगस्ट १९४४ रोजी सोव्हिएत विमानांनी कॉन्स्टान्त्सा बंदरावर मोठा हल्ला केला. त्यात यू-९ बुडाली आणि यू-१८ व यू-२४ यांचे नुकसान झाले. २३ ऑगस्टला बुखारेस्टमध्ये सत्तांतर होऊन रुमानियाने जर्मनीची साथ सोडली आणि दोन दिवसांनी तिच्याविरुद्ध युद्ध पुकारले. समुद्रात दूर जाण्याच्या स्थितीत नसलेल्या यू-१८ व यू-२४ या पाणबुड्या त्यांच्याच खलाशांनी २५ ऑगस्टला कॉन्स्टान्त्साजवळ बुडवल्या.

यू-१९, यू-२० व यू-२३ या तीन पाणबुड्या त्या वेळी समुद्रात होत्या. त्यांना आता एकही मित्र बंदर उरले नव्हते. १ सप्टेंबरला यू-२३ ने कॉन्स्टान्त्सा बंदरावर टॉर्पेडो सोडले. २ सप्टेंबरला यू-१९ ने ‘व्झ्रिव’ ही सोव्हिएत सुरुंग काढणारी नौका बुडवली. ५ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्याने रुमानियाच्या युद्धनौका ताब्यात घेतल्या. त्यानंतरच्या काही दिवसांत बल्गेरियाही सोव्हिएत बाजूस गेला. पाणबुड्या तुर्कस्तानला विकण्याचा जर्मन प्रयत्नही फसला.

ज्या डॅन्यूबमधून या नौका खाली आल्या होत्या, तिचा खालचा भाग आता शत्रूच्या ताब्यात होता. सामुद्रधुन्या बंद होत्या आणि इंधन मर्यादित होते. अखेर सप्टेंबर १९४४ च्या दुसऱ्या आठवड्यात यू-१९ चे कप्तान ह्युबर्ट फेरपोर्टेन, यू-२० चे कार्ल ग्राफेन आणि यू-२३ चे रुडोल्फ आरेन्ट यांनी आपापल्या नौका तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्याजवळ स्वतः बुडवल्या. खलाशी किनाऱ्यावर उतरले. तुर्कस्तानातून पायी एजियन समुद्राकडे जाऊन जर्मन सैन्याला मिळण्याचा त्यांचा बेत होता. तो सिद्धीस गेला नाही. तुर्की अधिकाऱ्यांनी त्यांना पकडले आणि बेयशेहिर येथे स्थानबद्ध केले. आरेन्ट यांनी पुढे या अनुभवांवर आठवणींचे पुस्तक लिहिले.

कॉन्स्टान्त्सा येथे बुडालेल्या तीन पाणबुड्या सोव्हिएत नौदलाने नंतर वर काढल्या. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळील अवशेषांपैकी यू-२० चे अवशेष कारासू गावासमोरच्या उथळ पाण्यात आहेत. यू-२३ चे अवशेष २०१९ मध्ये आअवा गावाजवळ सापडले.

सोव्हिएत चिलखती नौका

उथळ पाण्यातील नौका जमिनीवरून हलवण्याचे तंत्र सोव्हिएत नौदलाने अधिक व्यापक प्रमाणावर वापरले. ‘प्रकल्प ११२५’ प्रकारच्या चिलखती नौका सुमारे २३ मीटर लांब होत्या आणि त्यांचा पाण्याखालील भाग जेमतेम अर्धा मीटर होता. त्यांच्यावर रणगाड्याचा बुरूज व ७६ मिलिमीटरची तोफ बसवलेली असे. रेल्वेच्या उघड्या डब्यावर मावतील अशी त्यांची मापे ठेवलेली होती. या नौका १९४२ मध्ये स्तालिनग्राद येथे व्होल्गा नदीत, १९४३ मध्ये केर्चच्या सामुद्रधुनीत आणि १९४४ पासून डॅन्यूबमध्ये लढल्या. एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत डॅन्यूब ताफ्याच्या नौकांनी व्हिएन्नातील राइख्सब्रुके या पुलाजवळ सैनिक उतरवले. त्याच महिन्यात नीपर ताफ्यातील हलक्या नौका मोटारींवरून आणून बर्लिनमधील श्प्रे नदीत सोडण्यात आल्या आणि त्यांनी सैनिकांना पार नेले.

मूल्यमापन

अभियांत्रिकीच्या दृष्टीने जर्मन वाहतूक मोहीम यशस्वी होती. सहाही पाणबुड्या इच्छित स्थळी पोहोचल्या आणि लढाईत उतरल्या. लष्करी परिणाम मात्र मर्यादित राहिला. सेवास्तोपोलचा वेढा उठेपर्यंत एकही पाणबुडी सज्ज झाली नव्हती. उरलेल्या तीन पाणबुड्या १९४३ च्या उन्हाळ्यात आल्या, तेव्हा जर्मन सैन्य कॉकेशसमधून मागे हटू लागले होते. सहा-नऊ महिन्यांचा प्रवास हे विलंबाचे एक मोठे कारण होते.

या मोहिमेची खरी मर्यादा भौगोलिक होती. बंदिस्त समुद्रात जमिनीवरून नेलेल्या नौकेला परतीची वाट तिच्यामागील भूप्रदेश ताब्यात असेपर्यंतच असते. गोद्या, इंधन, सुटे भाग आणि टॉर्पेडो हे सर्व रुमानियातून व डॅन्यूबमार्गे येत होते. ऑगस्ट १९४४ मध्ये रुमानिया गेल्यावर तीन पाणबुड्या सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरल्या. याउलट सोव्हिएत चिलखती नौका पुढे सरकणाऱ्या सैन्यासोबत नदीमागून नदी ओलांडत गेल्या. नौका जमिनीवरून नेण्याचे कौशल्य दोन्ही बाजूंकडे होते, परंतु मागचा मार्ग सुरक्षित ठेवण्याचे बळ शेवटी एकाच बाजूकडे उरले.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासातही या प्रकरणाचे महत्त्व आहे. मॉन्त्रो कराराने सामुद्रधुन्यांतील मार्ग रोखला, तरी जमिनीवरून युद्धनौका नेण्यास कोणताही करार आड येत नव्हता. तथापि या वळशाने नेता आल्या त्या केवळ लहान नौका. मोठ्या युद्धनौका काळ्या समुद्राबाहेरच राहिल्या आणि या समुद्रातील युद्धाचे स्वरूप ठरवण्यात त्या कराराचा वाटा अखेरपर्यंत कायम राहिला.